सासऱ्यांनी जून सरळ केला

माझे सासरे चित्रकलेचे मास्तर. पुण्यातल्या एका शाळेत त्यांनी उभी हयात पोरांना सरळ रेघ मारायला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर हाताशी पोरं उरली नाहीत म्हणून घरातल्या वस्तूंना शिस्त लावायला घेतली. कॅलेंडर, भिंतीवरची घड्याळं, देव्हाऱ्यातले देव, कोणी सुटलं नाही. जर्मनीत, रेगेन्सबर्गला आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आले तेव्हा घरात शिरून चपला काढल्या, हॉलमधल्या फ्रेमकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी ती सरळ केली. फ्रेम आधी सरळच होती, असं माझं आजही म्हणणं आहे.

आठवड्याभरात त्यांनी जिन्यातली सगळ्या बिऱ्हाडांची पायपुसणी एका रेषेत आणली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना हे फार आवडलं. या बाई एकट्या राहायच्या, बाल्कनीत लाल जिरेनियम लावायच्या आणि त्यांच्या आडून अंगणात काय चाललंय यावर नजर ठेवायच्या. आमच्या घरात त्यांचं नाव जिरेनियमबाई. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी बोलल्या त्या मुख्यतः कचरा चुकीच्या डब्यात गेला म्हणून. सासऱ्यांबद्दल मात्र म्हणाल्या, "तुमच्याकडे आलेले गृहस्थ अगदी व्यवस्थित आहेत." 'आलेले' या शब्दावरचा जोर मी निमूटपणे गिळला.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन मोठ्या गोष्टी चालल्या होत्या. पहिली म्हणजे गाडी. माझा नवरा गाड्यांच्या कारखान्यात सॉफ्टवेअर लिहितो, आणि आम्ही आजवर सायकल आणि बसवर भागवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आता आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गुडघ्यांमुळे चालवत नाही हे निमित्त झालं आणि आम्ही नवी कोरी गाडी घेतली.

दुसरी गोष्ट माझी एकटीची होती. मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. नवऱ्याने केला नव्हता. त्याला त्याचा निळा पासपोर्ट सोडवत नव्हता, आणि त्यावर आमचं यथासांग भांडून झालं होतं. मला मात्र ऑफिसांच्या खिडक्यांपुढे दर वेळी फाइल छातीशी धरून उभं राहायचा वीट आला होता. मला इथे मत द्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर हे नदीकाठचं गाव मला आपलं वाटायला लागलं होतं, ते कागदावरही आपलं व्हावं असं फार वाटत होतं. त्यासाठी एक परीक्षा असते. सकाळी पोळ्या लाटताना मी त्यातली प्रश्नोत्तरं मोठमोठ्याने पाठ करायचे, आणि परीक्षा पास झाले. आता निकालाचा कागद तेवढा नेऊन द्यायचा होता.

सासऱ्यांना हे पसंत नव्हतं. सुनेला तोंडावर काही बोलायचं नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे ते स्वयंपाकघरात लेकाला म्हणाले, "पासपोर्ट म्हणजे काय पडदे आहेत का, विटले की बदलायला?" मी बाहेर कपडे वाळत घालत होते, म्हणजे ऐकत होते. त्यानंतर तो विषय घरात कोणी काढला नाही. माझं पाठांतर चालू असलं की ते तोंडासमोर टॅब धरून मराठी पेपर वाचायचे.

गाडी शनिवारी आली. पूजा होणार हे ठरलेलंच होतं. आईंनी हळदकुंकू पुण्याहून आणलं होतं, नारळ आणि लिंबं तुर्की दुकानातून आली. मी आदल्या रात्रीच बजावून ठेवलं होतं.

"आई, सगळं करा. फक्त स्वस्तिक काढायचं नाही."

"अगं, आपलं स्वस्तिक वेगळं नि त्यांचं ते वेगळं."

"मला माहितीये हो. पण पोलिसाला ते पटेपर्यंत तुरुंगात मला डबा घेऊन तुम्हालाच यावं लागेल."

"बॉनेटवर एवढंसं काढते. बोटाच्या पेराएवढं."

"आई!"

शेवटी 'श्री'वर तडजोड झाली. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो असा काही सुरेख काढला की पुसायचं माझ्या जिवावर आलं. मी मात्र कुंकवाची डबी मुठीत धरून गाडीभोवती पहारा देत होते, न जाणो आईंचं बोट कुठे वळलं तर. नारळ एकच्या आत फोडून घेतला, कारण एक ते तीन इमारतीत शांतता पाळायची असते आणि वर बाल्कनीत जिरेनियमबाई घड्याळ घालून उभ्या होत्या. चारी चाकांखाली लिंबं ठेवून नवऱ्याने गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली. बाईंनी वरून विचारलं, हे टायरसाठी चांगलं असतं का. "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी खालचा ओठ पुढे काढून मान हलवली आणि आत गेल्या.

मी पुढच्या दारावर पहारा देत होते आणि चोर मागच्या दाराने शिरत होता. बाबा गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले होते.

"हे उलटं आहे," ते म्हणाले.

मागच्या नंबर प्लेटवर बाटलीच्या झाकणाएवढा एक गोल रंगीत स्टिकर होता. इथे त्याला प्लाकेट म्हणतात. कडेने एक ते बारा आकडे, मधोमध वर्षाचे दोन आकडे. गाडीची पुढची सक्तीची तपासणी कधी, हे त्यावरून कळतं. आमच्या प्लाकेटवर मधले दोन आकडे शीर्षासन करत होते.

"बाबा, ते तसंच असतं."

"तसंच म्हणजे? वर्ष उलटं?"

"हो."

"का?"

का, ते मला माहीत नव्हतं. लायसन्सच्या अभ्यासात नक्की वाचलं असणार, पण परीक्षा झाली आणि अभ्यास गेला. तरीही 'ते तसंच असतं' हे वाक्य मी या देशातल्या इतक्या टेबलांपलीकडून ऐकलं होतं की मला ते अत्यंत ठामपणे म्हणता आलं. आईंनी भर घातली, "नव्या गाडीवर उलटं वर्ष म्हणजे बरं नाही वाटत बाई. शुभ तरी कसं म्हणायचं?" मी हसून सोडून दिलं आणि सगळ्यांना शिऱ्यासाठी वर पिटाळलं.

पुढे जे घडलं ते आम्ही दोघं कामावर असताना घडलं. मला ते नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते.

सोमवारी दुपारी बाबा अंगणात उतरले. बरोबर एक स्टूल, पातळ ब्लेड, चिमटा आणि आईंची गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी. ती पिशवी त्यांनी नंबर प्लेटवर दाबून धरली. गोंद सैल होईल आणि प्लाकेट अलगद निघेल, मग ते अर्ध्या फेऱ्यात फिरवून सरळ चिकटवायचं, असा साधा हिशेब. पण हे प्लाकेट मुळी अखंड निघू नये असंच बनवलेलं असतं, म्हणजे एका गाडीचं काढून दुसरीला लावता येत नाही. त्यांच्या हातात ठिकऱ्या आल्या. दुसरा कोणीही माणूस तिथेच घाबरला असता. बाबांना मात्र हुरूप आला. त्यांनी एकूण एक कपटा चिमट्याने उचलून कागदावर घेतला, वर नेला, जेवणाच्या टेबलावर भिंग लावून जुळवला, आणि मंगळवारी दुपारी तो गोल पुन्हा प्लेटवर बसवला. बारा वर, सहा खाली, वर्ष सरळ. सांधा शोधून सापडू नये असं काम. आई म्हणाल्या, "आता कशी गाडी गाडीसारखी दिसतेय."

जिरेनियमबाईंनी पिशवीचा प्रकार पाहिला होता. त्यांनी बाल्कनीतून आईंना जर्मनमध्ये विचारलं, आईंनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून मराठीत सांगितलं, आणि दोघींचंही समाधान झालं.

आम्हाला कोणी काही बोललं नाही. केलेल्या कामाचा डांगोरा पिटायचा नाही हाही बाबांचा नियम. समोरच्याने आपण होऊन पाहावं, ही अपेक्षा. बुधवारी सकाळी मी निघाले तर ते खाली सोडायला आले.

"गाडी कशी दिसते?"

"छान!"

"मागून?"

"मागूनही छान, बाबा. येते."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, त्यांना चक्कर मारून आणायला हवं.

गुरुवारी मी तीच गाडी घेऊन नागरिकत्वाच्या ऑफिसात गेले. जागा मिळाली ती नेमकी पोलिसांच्या गाडीशेजारी. त्यातल्या पोलिसाला मी हसून ग्रुस गॉट, म्हणजे इथला नमस्कारही म्हटलं. वर टेबलापलीकडच्या बाईंनी निकालाचा कागद घेतला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, अर्ज दिल्यापासून काही बदल? काही चौकशी, काही गुन्हा? मी म्हटलं, "नाइन," म्हणजे नाही, आणि वर थोडी हसलेसुद्धा, माझ्यासारखी बाई आणि गुन्हा म्हणून. त्या म्हणाल्या, सगळं ठीक दिसतंय, पत्र येईल. परत येताना मी एकटीच गाडीत मोठ्याने गात आले.

शनिवारी सामान उतरवत होते तेव्हा जिरेनियमबाई अंगणात आल्या. हातात झारी होती, पण अंगणात त्यांचं एकही झाड नाही. त्या गाडीच्या मागे वाकल्या, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तुमची तपासणी डिसेंबरात आहे?"

"नाही हो. गाडी जूनमध्ये घेतली ना. तीन वर्षांनी, जूनमध्येच."

"इथे डिसेंबर आहे."

मी पाहिलं. वर्ष सरळ उभं होतं. आठवड्याभरापूर्वी ते उलटं होतं, हे मला पूजेच्या धुरासकट आठवलं.

बाईंनी मला समजावून सांगितलं, आणि समजावून सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता हे मी विसरणार नाही. प्लाकेटवर जो आकडा सगळ्यात वर, तो तपासणीचा महिना. म्हणून ते दर महिन्याला वेगळ्या कोनात लावतात आणि मधलं वर्ष गरगर फिरतं. बाराच्या बाजूला काळ्या खुणा असतात, त्या घड्याळाच्या काट्यासारख्या वाचायच्या. खाली असल्या तर सहा वाजले, म्हणजे जून. मागच्या गाडीतल्या पोलिसाला लांबूनच कळतं. "तुमच्याकडच्या गृहस्थांनी गाडीला शेक दिला तेव्हा मला वाटलं, तुमच्यात अशी पद्धत असेल. लिंबांसारखी. पण हे म्हणजे उर्कुंडेनफेल्शुंग आहे."

सरकारी दस्तऐवजात फेरफार. या देशात यापेक्षा खून बरा, असा त्यांचा सूर होता.

"मुदत सहा महिन्यांनी वाढवलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "गाडी आता चालवू नका. आणि तुमचं तर नागरिकत्वाचं चाललंय ना?"

हे मी इमारतीत कोणालाही सांगितलं नव्हतं. पण तो विचार करायला मला वेळ नव्हता. गुरुवारी त्या टेबलापुढे बसून मी हसत हसत नाही म्हटलं होतं, आणि खाली पोलिसाच्या नाकासमोर माझा गुन्हा उभा होता.

वर जाऊन मी दार आपटलं. नवरा कांदा चिरत होता. त्याला सांगितलं तर तो सुरी ठेवून हसायला लागला, इतका की डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की कशाचं ते कळेना. "म्हणजे बाबांनी तीन वर्षांनंतरचे सहा महिने चोरले?" मला त्याच्या अंगावर कांद्याची परात फेकावीशी वाटली.

बाबा बाहेर आले. "पाहिलंस शेवटी," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद पाहून माझा उरलासुरला ताबा सुटला. मी सगळं सांगितलं. वरचा आकडा म्हणजे महिना, काळ्या खुणा, पोलीस, सगळं.

"वर्ष उलटं लिहून महिना सांगतात?" बाबा म्हणाले. "मग 'जून' असं लिहायला काय होतं? कुठली शाळा ही?"

"बाबा, शाळा नाही, कायदा आहे! तुम्ही सरकारी शिक्का बदललाय. माझा अर्ज पडून आहे तिथे. एक गुन्हा निघाला तर सगळं फिसकटेल." आणि मग, जीभ चावायच्या आधी, "झालं ना तुमच्या मनासारखं?"

आई म्हणाल्या, "अगं काय बोलतेस," पण अगदी हळू. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खोलीत गेले. रात्री जेवायला आले नाहीत. मी रागाच्या भरात त्यांच्या वाटच्याही पोळ्या खाल्ल्या, आणि त्या मला पचल्या नाहीत.

रविवारी नवऱ्याने तोडगा काढला. गाड्यांची नोंदणी करणारं इथलं जे ऑफिस, आपलं आरटीओच म्हणा, तिथे नंबर प्लेट नेली की नवं प्लाकेट लावून देतात. "सांग, कोणीतरी खरवडलं. होतं असं. टारगट पोरं करतात."

"आणि खरवडून परत सुबक जोडलं?"

"सुबक टारगट पोरं," तो म्हणाला. त्याला अजून हसू येत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी तेच वाक्य जर्मनमध्ये घोकायला लागले. अज्ञात इसमाने, आमच्या नकळत.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली. प्लेट काढून टॉवेलमध्ये गुंडाळली आणि साड्यांच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घातली. दारात पाहते तो बाबा इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून उभे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी येतो." आईंनी दोघांच्या तळहातावर दही ठेवलं. गुन्हा निस्तरायला जाताना दही द्यावं की नाही, हे त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गाडी चालवायची नव्हती, म्हणून बसने गेलो. बाबांनी पिशवी मांडीवर आडवी घेतली होती आणि दोन्ही हातांनी धरली होती. मी मनातल्या मनात अज्ञात इसम घोकत होते.

ऑफिसात नंबर घेऊन बसलो. आमचा आकडा लागला तेव्हा आत टेबलापलीकडे एक रुंद खांद्यांचे, मिशीवाले गृहस्थ होते. त्यांनी गाडीचे कागद पाहिले, टॉवेल उलगडला, प्लेट उचलून तिरकी धरली. मग प्लाकेटवरून अंगठ्याचं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. ड्रॉवरमधून भिंग काढलं.

भिंग खाली ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बाबांना जर्मनचं ओ की ठो कळत नाही. पण हा प्रश्न त्यांनी उभ्या हयातीत वर्गात इतक्यांदा विचारला होता की तो त्यांना कुठल्याही भाषेत कळला असता. ते उठून उभे राहिले होते आणि त्यांनी हात वर केला होता. कोपरात सरळ, शाळेत करतात तसा.

"आय," ते म्हणाले.

मग त्यांनी त्यांच्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. ते बहुधा रात्रभर जुळवून आणलेलं असावं. मी त्यांची बाही ओढत होते, पण ते थांबले नाहीत. सर, मी ड्रॉइंग टीचर आहे. मला उलटं दिसलं, मी सरळ केलं. हिला माहीत नव्हतं. ही क्लीन आहे. हिला तुमच्या देशाची व्हायचंय. मला ते पसंत नाही सर, पण तो माझा प्रॉब्लेम आहे. हिने फार अभ्यास केलाय. रोज सकाळी. मी पेपरमागे बसून सगळं ऐकलंय. तुमची सोळा राज्यं मलासुद्धा पाठ आहेत. हवं तर विचारा.

आणि विचारायची वाट न पाहता त्यांनी सुरुवात केली. बायर्न, हेसन, झारलांट. माझ्याच चालीत, पोळी लाटताना मी जिथे जिथे दम घ्यायचे तिथे तिथे दम घेत.

मिशीवाल्यांनी मध्येच हात वर केला. त्यांना इंग्रजी किती कळलं कोण जाणे. ते उठले, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं, मग आणखी एका तरुण सहकाऱ्याला. तिघंही आळीपाळीने भिंगातून पाहू लागले. 'बघ, इथे सांधा आहे.' 'कुठे?' 'इथे.' 'मला नाही दिसत.' बाबा टाय सावरून उभे होते, आणि इतक्या गंभीर प्रसंगीही त्यांच्या मानेला जो ताठा आला तो माझ्या नजरेतून सुटला नाही.

"आता गंमत अशी आहे," मिशीवाले मला म्हणाले, "मुदत वाढवायला लोक प्लाकेटशी खेळतात, ते आम्ही पाहतो. पण ते मुदत संपल्यावर. तीन वर्षं आधीच तयारी करणारा माणूस मी अजून पाहिला नाही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. खरी तारीख तिथे छापलेलीच होती, जून म्हणून. फसवायचा हेतू असता तर त्यांना पोलिसांना कळवावं लागलं असतं. हेतू दिसत नाही. जुनं काढू, नवं लावू, त्याचं शुल्क बाहेर भरा. "आणि गृहस्थांना सांगा, काम स्वच्छ आहे. पण पुन्हा नको."

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"म्हणाले, काम स्वच्छ आहे."

"आणि तुझं?"

"माझं काय?"

"तुझ्या अर्जावर काही लिहिणार आहेत का?"

"नाही, बाबा. काही लिहिणार नाहीत."

ते तेव्हा कुठे खुर्चीवर बसले. नवं प्लाकेट लावून प्लेट आमच्या पिशवीत परत आली. बाबांनी तिच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

बाहेर आलो तर बस नुकतीच गेली होती. थांब्यावर आम्ही दोघंच. मला त्या 'मनासारखं'बद्दल काहीतरी बोलायचं होतं आणि सुरुवात कशी करायची ते सुचत नव्हतं. म्हणून मी भांडल्यासारखंच विचारलं.

"तुम्हाला तर पसंत नाही ना, मी पासपोर्ट बदलते ते?"

"नाही. आजही नाही."

"मग आत ते सगळं कशाला बोललात? गप्प बसला असतात तर माझं नागरिकत्व आपोआप थांबलं असतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे. ते खरोखर चिडले होते.

"तुझा विषय मला आवडत नाही, म्हणून तुला नापास होऊ देऊ? मी मास्तर आहे, सूनबाई."

मला भर रस्त्यात रडू फुटलं. ते थांबेना. आमच्या घरात सुनेने सासऱ्यांना वाकून नमस्कार करायचा, बस, त्यापलीकडे कोणी कोणाला हात लावत नाही. मी त्यांचा हात धरला. ते आधी अवघडले, मग त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि पुढची बस येईपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो.